सव्वा महिन्याचं पाणी

शाळेच्या पुस्तकात बेडकाचं आयुष्य गोल काढलेलं असतं. वर अंडी, मग शेपटीवाला बेडूकमासा, मग मागचे पाय फुटलेला, मग चारी पाय आणि आखूड शेपटी, मग पिल्लू, मग मोठा बेडूक. बाणांची टोकं फिरत फिरत परत अंड्यांपाशी येतात. मी 1976 साली दहावी झालो, तोवर हे चित्र चार-पाच वेळा तरी वहीत काढलं असेल. परीक्षेला हमखास यायचं. बाण नीट काढले की मार्क पुरे.

पुढं शेतीत पन्नास वर्षं गेली आणि माझं लक्ष त्या बाणांकडं गेलं. एका चित्रातनं दुसऱ्या चित्रात जायला बेडकाला काय काय लागतं, ते पुस्तकात कुठंच नव्हतं. बाणाच्या जागी खरं तर पाणी असतं. ते पाणी कधी येतं, कुठं साठतं आणि किती दिवस थांबतं, यावर त्याचा सगळा संसार उभा. माझ्यासारख्या भातवाल्याचाही संसार त्याच्यावरच उभा, म्हणून मला हे जरा लवकर कळलं असावं.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, पण जरा उगवतीच्या अंगाला. वर कोयनानगरला पाऊस कोसळत असतो तेव्हा आमच्याकडं कधी कधी ऊन पडलेलं असतं. मृगाचे एक-दोन पाऊस होतात आणि मग आठ-आठ दिवस ढग नुसते वरनं निघून जातात. माळाला नाचणी, भुईमूग आणि खालच्या अंगाला आमची भाताची पाच खाचरं. शेवटच्या खाचराच्या कोपऱ्याला एक डबरं आहे. जुनं घर बांधताना आमच्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, भिंतींसाठी तिथली चिकणमाती काढली. तेव्हापासनं तो खड्डा तसाच राहिला. असेल दोनएक गुंठ्यांचा, भर पावसात मांडीएवढा खोल. दिवाळीनंतर आटतो आणि उन्हाळ्यात तळाला हाताएवढ्या भेगा पडतात. त्या भेगांकडं बघून कुणी म्हणणार नाही की इथं कुणाचं काही अडकलेलं आहे.

शहरातले पाहुणे विचारतात, उन्हाळ्यात बेडूक जातात कुठं? कुठंच जात नाहीत. जमिनीत असतात. वैशाखात बांध नीट करताना कुदळीखाली एखादं ओलसर ढेकूळ फुटतं आणि आत बेडूक निघतो. पाय पोटाखाली घेतलेले, डोळे मिटलेले, अंगाला माती. हात लावला तर गार. मेला म्हणावं तर गळ्याखालची कातडी हळूच हलते. दादा म्हणायचे, "झाक त्येला परत. त्येची पेरणी अजून व्हायचीय." मग आम्ही ओली माती ओढून त्याला झाकायचो. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. ओल्या मातीला अंग लावून बसला की कातडीच पाणी ओढून घेते. श्वासही तो बराचसा कातडीतनंच घेतो. हे ध्यानात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे.

जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. कोल्हा, उंदीर, मेंढा, मोर अशी ती वाहनं. त्यात बेडूक, म्हैस नाहीतर हत्ती आला की म्हातारी माणसं खूश व्हायची. एकदा गावात कीर्तनाला आलेल्या बुवांनी सांगितलं, ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर अख्खं सूक्त आहे, एकशेतिसरं. पाऊस पडल्यावर ओरडणाऱ्या बेडकांना त्यात मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिलेली आहे. सगळा मंडप हसला. मी मात्र मनात म्हटलं, ज्यानं हे रचलं त्यानं पहिल्या पावसाची रात्र शिवारात काढलेली असणार.

कारण ती रात्र ऐकण्यासारखीच असते. दिवसभर उकडून संध्याकाळी वळीव नाहीतर मृग दणकून पडतो, ओघळ वाहतात, डबऱ्यात घोट्याएवढं गढूळ पाणी साठतं आणि अंधार पडायच्या आत आवाज सुरू होतो. पहिला एक, मग समोरच्या बांधावरनं दुसरा. घटकाभरात शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

सकाळी लवकर गेलं तर ते दिसतातही. आपल्याकडचा सगळ्यात मोठा बेडूक, ज्याला इंग्रजीत बैलबेडूक अशा अर्थाचं नाव आहे, तो एरवी हिरवट-मातकट असतो, पाठीच्या मधोमध एक फिकट रेघ. पण या दोन-चार दिवसांत त्याचे नर पिवळेधमक होतात. हळदीच्या पातेल्यात बुडवून काढल्यासारखे. ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन निळे फुगे फुगतात. आमची आजी त्यांना नवरदेव म्हणायची. हळद लागलेली, आणि गळ्यात वाजंत्री. ओरडतो तो नर. या जातीची मादी आरडाओरडा करत नाही. ती गुपचूप येते, ऐकते आणि निवडते. तोवर नर एकमेकांना ढुशा देतात, पाण्यात उलटेपालटे करतात. पाच-पन्नास नवरदेव आणि नवऱ्या थोड्या. गोंधळ तर होणारच.

लहानपणी आम्हा पोरांना वाटायचं, मोठी आई पोराला पाठीवर घेऊन पोहतेय. मी आजीला तसं म्हटलं. ती तरवा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "आरं, खालची थोरली हाय ती बाई. वरचा बारका हाय त्यो तिचा दादला. पोरं व्हायला अजून अवकाश हाय." शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुस्तकानं जे दोन ओळींत सांगितलं असतं ते आजीनं एका वाक्यात सांगितलं, आणि तेही बरोबर. बेडकात मादी मोठी असते. नर तिच्या पाठीवर बसून पुढच्या पायांनी तिच्या काखेत घट्ट मिठी मारतो. या दिवसांत त्याच्या अंगठ्याला जाड खरबरीत गादीसारखा घट्टा येतो, बुळबुळीत अंगावरनं हात सुटू नये म्हणून. मादी पाण्यात अंडी सोडते आणि त्याच वेळी नर त्यांच्यावर आपलं बीज सोडतो. मीलन म्हणावं तर ते अंगाच्या बाहेर, पाण्यातच होतं. म्हणून पाणी नसेल तर हळदही फुकट आणि वाजंत्रीही फुकट.

अंडी कशी दिसतात? सब्जा भिजवून बघा. मधे काळा ठिपका आणि भोवती पारदर्शक बुळबुळीत गोळा, हुबेहूब तसंच. अंडं वरनं काळं आणि खालनं पांढुरकं असतं. काळ्या बाजूला ऊन लागतं, ऊब मिळते. वर कवच नाही. कोंबडीच्या अंड्याला स्वतःचं घर असतं, बेडकाच्या अंड्याचं घर म्हणजे ते पाणीच. पाणी दोन दिवसांत आटलं तर सब्जा उन्हात वाळतो तसं सगळं चिकटून कागदासारखं होतं. मृगाचा पाऊस पडून उघडीप झाली की डबऱ्याच्या कडेला असे वाळलेले पापुद्रे मी कैक वर्षं बघितलेत. ज्या वर्षी ते दिसतात त्या वर्षी आमचा तरवाही पिवळा पडलेला असतो. एकाच पावसानं दोघांना फसवलेलं असतं.

मग प्रश्न पडतो, एवढी नदी आहे, ओढे आहेत, विहिरी आहेत. हा शहाणा आटणाऱ्या डबक्यात अंडी का घालतो? मलाही हा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला चढणीच्या माशांनी दिलं. पहिल्या पुराला मासे ओढ्यानं वर चढतात तेव्हा एका वर्षी ओढा फुटून खाचरात आला, डबऱ्यातही मासे शिरले. त्या वर्षी डबऱ्यात बेडूकमासे नावालाही उरले नाहीत. माशांनी सगळे गिळले. जे पाणी बारमाही असतं तिथं मासे असतात. जे पाणी उन्हाळ्यात आटतं तिथं मासा टिकत नाही. म्हणून बेडकाला कायमचं पाणी नको आणि चार दिवसांचंही नको. त्याला मधलं पाणी पाहिजे. आटणारं, पण सव्वा महिना तरी थांबणारं. एवढ्या मोजक्या मापाचं पाणी शिवारात किती ठिकाणी असतं? पूर्वी बरंच असायचं. बांधाच्या कडेला, गाडीवाटेच्या चाकोऱ्यात, म्हशी डुंबायच्या त्या खोलगटात.

उघडीप पडली नाही तर पुढचं सगळं झपाट्यानं होतं. मोठ्या बेडकाच्या अंड्यांतनं एक-दोन दिवसांत जीव बाहेर पडतो. आधी नुसता स्वल्पविराम. मग डोकं मोठं होतं, शेपटी हलायला लागते. आत माशासारखे कल्ले असतात, श्वास पाण्यातनंच. चिखल करायला औत घातलं की खाचरातले बेडूकमासे बैलांच्या खुरांपुढं काळ्या लाटेसारखे पळायचे. त्यातले खरबरीत पाठीच्या भेकाचे बारके काळे असतात, घोळक्यानं राहतात, शेवाळ आणि कुजलेला पाला खरवडून खातात. मोठ्या बेडकाची पोरं मात्र जन्मजात शिकारी. दुसऱ्या जातीची पिल्लं तर खातातच, वेळ आली तर सख्ख्या भावालाही सोडत नाहीत. डबरं आटायला लागलं, दाटी झाली की हे जास्तच होतं. मला पहिल्यांदा बघताना कसंसंच झालं होतं. मग वाटलं, पाणी कमी पडलं की माणसांत तरी काय वेगळं होतं? आमच्या वाडीत पाटाच्या पाण्यावरनं भावकीत कुऱ्हाडी निघालेल्या आहेत.

तीनएक आठवड्यांनी शेपटीच्या मुळाशी मागचे पाय दिसतात. पुढचे पाय कातडीखाली आधीच तयार असतात, ते मागनं एकदम बाहेर येतात. आणि मग या पोराच्या आयुष्यातले सगळ्यात अवघड दिवस सुरू होतात. तोंड बदलतं, बारीक तोंडाचा मोठा जबडा होतो. कल्ले जाऊन फुफ्फुसं कामाला लागतात. आतडं आखूड होतं. हे चाललेलं असताना त्याला खाता येत नाही. तो जगतो शेपटीवर. शेपटी गळून पडते असं आम्हा पोरांना वाटायचं, आम्ही तळाला पडलेल्या शेपट्या शोधायचो. सापडणार कुठनं? ती अंगातच जिरते. घरची शिदोरी खात खात तो पोर जमिनीवर येतो. त्या दिवसांत त्याला धड पोहता येत नाही, धड उडी मारता येत नाही. बगळे हे बरोबर ओळखतात. धिवड काठालाच लपून असते.

मग आषाढात एखाद्या भुरभुर पावसात बोटाच्या पेराएवढी शेकडो पिल्लं एकदम काठावर येतात. वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. जुनी माणसं म्हणायची, बेडकांचा पाऊस पडला. आकाशातनं कुणी पडत नाही. ती पोरं जमिनीवर यायला ओल्या हवेची वाट बघत असतात, कारण कातडी वाळली की मेली. मादीनं हजारोंनी अंडी घातली तर त्यातली बोटावर मोजण्याइतकी मोठी होतात. ती एक-दोन पावसाळ्यांनी आवाज द्यायला नाहीतर ऐकायला परत येतात.

ही झाली डबऱ्याची गोष्ट. पण सगळे बेडूक असंच करतात असं नाही. भेकाची मादी अंडी सुट्टी सोडत नाही, लांब दोरीत ओवल्यासारखी सोडते. गवताच्या काडीभोवती गुंडाळलेली काळ्या मण्यांची पोतच ती. घरात, न्हाणीत, देव्हाऱ्यामागं चिकटून बसणारा सडपातळ बेडूक असतो, बोटांच्या टोकाला गोल गाद्या असलेला. त्याची तऱ्हा आणखी न्यारी. एका श्रावणात सूनबाई म्हणाली, "मामा, टाकीच्या भिंतीला साबणाचा फेस कुणी लावलाय?" बघितलं तर पाण्याच्या वर वीतभर अंतरावर पांढरा गोळा. तो त्याचा पाळणा होता. मादी चिकट रस सोडते आणि मागच्या पायांनी, रवीनं ताक घुसळावं तसं घुसळून त्याचा फेस करते. अंडी त्या फेसात. वरचा थर वाळतो, आत ओल राहते, मासे तिथवर पोचत नाहीत. चार-सहा दिवसांनी पिल्लं फेसातनं टपाटप खाली पाण्यात. सूनबाईनं ती टाकी महिनाभर धुतली नाही. मी काही सांगितलं नव्हतं.

आणि आमच्याच तालुक्यात, कोयनानगरजवळच्या हुंबरळीला, डोंगरातल्या ओढ्यावर राहणारा एक बारका बेडूक आहे. त्याला इंग्रजीत 'बॉम्बे नाईट फ्रॉग' म्हणतात. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सत्यभामा दास बिजू आणि त्यांच्या सोबत्यांनी पावसात रात्री-रात्री जागून त्याचा संसार बघितला आणि 2016 साली छापला. ओढ्यावर झुकलेल्या पानावर ही जोडी येते. यात नर मादीला मिठीच मारत नाही. हात पानाला टेकवून तिच्या पाठीवर थोडा वेळ राहतो, बीज तिच्या पाठीवर सोडतो आणि बाजूला होतो. त्यानंतर ती अंडी घालते आणि पाठीवरनं ओघळलेल्या बीजानं ती फळतात. या जातीची मादी ओरडतेसुद्धा. पिल्लं निघाली की खाली ओढ्यात पडतात. जगात बेडकांच्या जोडीच्या सहा तऱ्हा माहीत होत्या, ही सातवी निघाली. पेपरात ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ज्या डोंगराच्या पाण्यावर आमच्या सात पिढ्या जगल्या तिथं जगाला माहीत नसलेली गोष्ट रोज रात्री चाललेली होती.

या बेडकाच्या शास्त्रीय नावात हुमायून अब्दुलअली यांचं नाव आहे. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षीअभ्यासक. त्यांचं नाव शेतकऱ्यानं घ्यावं असं आणखी एक कारण आहे. 1980 च्या आसपास आपल्या देशातनं बेडकाच्या तंगड्या हजारो टनांनी परदेशात जात. पहिल्या पावसाच्या रात्री, ओरडण्यात बेभान झालेला बेडूक दिव्याच्या उजेडात सहज हाती लागतो. म्हणजे पकडायची वेळ आणि पिल्लं व्हायची वेळ एकच. एक मादी पोत्यात गेली की हजारो अंडी गेली. अब्दुलअलींनी त्याविरुद्ध लिहिलं, पाठपुरावा केला. दुसऱ्यांनीही केला. 1987 मध्ये सरकारनं ही निर्यात बंद केली. परदेशातल्या ताटासाठी बेडूक द्यायचे आणि तिकडनंच कीटकनाशक विकत आणायचं, हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा होता ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आता पोतं घेऊन कुणी येत नाही. तरी आवाज दरवर्षी उतरत चाललाय. पूर्वी मृगाच्या रात्री झोप लागायची नाही. आता कान द्यावा लागतो. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. गाडीवाटा डांबरी झाल्या, चाकोऱ्यांतलं पाणी गेलं. पावसाच्या रात्री डांबरावर बसलेले भेक सकाळी चपटे झालेले असतात. खाचरं मोडून सपाटी झाली, खोलगट भरले. आणि भांगलणीला माणूस मिळत नाही म्हणून तणनाशक आलं. ते नेमकं जून-जुलैत मारतात, पाणी साठलेलं असताना आणि त्यात पोरं असताना. मघाशी म्हटलं ना, बेडूक कातडीनं पाणी पितो. मग पाण्यातलं औषधही तो कातडीनंच पितो. काही तणनाशकांत औषध पानाला चिकटावं म्हणून साबणासारखा एक पदार्थ घातलेला असतो. तो बेडूकमाशांच्या कल्ल्यांना औषधापेक्षाही जास्त बाधतो. डब्यावर गवताचं चित्र असतं. त्यामुळं वापरणाऱ्याला वाटतं, हे फक्त गवतालाच लागतं.

आमच्या घरातही हा विषय आला. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्यानं वरच्या माळाला शेततळं केलं. खाली प्लास्टिकचा कागद, त्यात पाणी, पाण्यात रोहू आणि कटला. चांगलं काम केलं, मी नाही म्हणणार नाही. जूनच्या अखेरीला उघडीप पडली होती. गावात रस्त्याच्या कामाला जेसीबी आलेला, तासावर मिळत होता. थोरला म्हणाला, "आण्णा, आज वापसा हाय. त्यो डबरा भरून घिऊ. वरचा मुरूम लोटला की दोन गुंठं रान निघंल. तिथं शेळ्यांचं शेड बसतंय."

मी म्हटलं, "आत्ता नगो."

"का?"

"त्यात पोरं हायती. मागचं पाय आत्ताच फुटल्याती."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बेडकापायी जेसीबी माघारी धाडायचा? लोक काय म्हंतील? आन् त्यास्नी पाणीच पायजे ना? वर शेततळं भरलंय की. एवढं पाणी पूर्वी कुठं हुतं आपल्याकडं?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. हिशेबानं बघितलं तर पाणी वाढलंच होतं. मी त्याला माशांचं सांगितलं. कागदाच्या गुळगुळीत उताराचं सांगितलं. त्यात पडलेला मोठा बेडूक रात्रभर काठाला धडपडतो, वर चढता येत नाही, सकाळी पोट वर करून तरंगतो, हे त्यानंही बघितलेलं होतं. मग त्याला पटेल असं बोललो. खाचराच्या बांधाला भोकं पाडणारे खेकडे कोण खातं? धानावरचे नाकतोडे, तुडतुडे कोण टिपतं? मच्छरांचं म्हणशील तर डबऱ्यातली चतुराची पिल्लं त्यांच्या अळ्यांवरच जगतात. शेडाचं भाडं धरायचं तर हाही पगार धर.

तो म्हणाला, "बेडूक न्हाई तर औषध मारू. त्येचा रेट तरी ठरलेला असतोय."

त्याच्या या वाक्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. कर्ज त्याच्या नावावर आहे, शेळ्यांचं गणित त्याचं आहे. माझं वय झालं, रान त्यालाच करायचं आहे. मी एवढंच म्हटलं, "वीस दिस दे. शेपट्या जिरू देत. मग तू भर, मी आडवा येणार न्हाई."

नात बांधावर उभी होती. पाचवीतली. ती म्हणाली, "आबा, वीस दिवसांनी पाऊस असणार. मग जेसीबी कसा येणार?" थोरला हसला. त्याला माझा डाव कळला होता. खरं तर तो डाव नव्हता, पण कळल्यावर मलाही हसू आलं. जेसीबी दुसऱ्याच्या रानात गेला.

त्या आषाढात पिल्लं बाहेर पडली. नंतर लावणी, भांगलण, सण, असं करता करता डबरं तसंच राहिलं. थोरला अजूनही म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यात बघू. मी आडवा येणार नाही असं बोललोय आणि ते मला पाळायचं आहे. पण एक गोष्ट त्यानं आपणहून केली. शेततळ्याच्या चारी कोपऱ्यांना काथ्याचे जाड दोर वरच्या खुंटीला बांधून पाण्यात सोडले, मधेमधे जुनी पोती. कशाला रे, म्हटलं, तर म्हणाला, "कोणतंबी जनावर पडलं तर चढंल." पहिल्याच पावसाळ्यात त्या पोत्यावर मी एक मोठी मादी बघितली. पोट वर-खाली होत होतं. दम खात होती. मग एकेक पाय टाकत वर आली आणि गवतात गेली.

हे वाचणाऱ्यांत कुणी शेतकरी असेल तर त्याला माझं सांगणं लांबलचक नाही. सगळ्यांनी डबरी राखावीत असं मी म्हणत नाही, दोन गुंठे म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण शिवाराच्या कडेला एखादा खोलगट पडीकच असतो, तो उगाच बुजवू नका. साठलेल्या पाण्याच्या दहा पावलं अलीकडं पंप बंद करा. कागदाच्या तळ्यात एक दोर सोडा. शहरातले असाल तर पहिल्या पावसाच्या रात्री घाटातनं गाडी जरा हळू चालवा, रस्त्यावर दगड दिसला तर तो दगडच असेल असं धरून चालू नका. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत. वेळ पडतो, तोही जूनपासनं जुलैच्या मध्यापर्यंतचा. तेवढे दिवस पाणी जागेवर राहिलं आणि त्यात आपण काही ओतलं नाही, तर बाकीचं बेडूक बघून घेतात. त्यांना कुणाची शिकवणी लागत नाही.